शेळीचा जबाब

जमादारांच्या खालच्या ओठावर कायम एक जांभळा ठिपका असायचा. नव्या माणसाला वाटायचं, काहीतरी लागलंय, नाहीतर औषध लावलंय. तसं काही नव्हतं. ते कॉपिंग पेन्सिलनं लिहायचे, आणि ती पेन्सिल ओली केल्याशिवाय नीट उमटत नसे. त्यासाठी पाणी घ्यावं तर त्यांची बायको, आमच्या काकी, ओरडायच्या, कारण त्या वर्षी पाथर्डीत पाणी तांब्या-तांब्यानं पुरवायची वेळ आली होती. मग जमादार पेन्सिल जिभेला लावायचे, दर दोन ओळींनी एकदा. लिहिणं त्यांचं दिवसभर चाललेलं असे, त्यामुळे तो ठिपका कधी पुसला गेलेला मी पाहिला नाही.

ते पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झाले होते. कोणत्या ठाण्यात नोकरी केली ते सांगत नसत. "बऱ्याच गावचं पाणी प्यालोय," एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर लोक शेती बघतात, देवळात बसतात, सुनेशी भांडतात. जमादारांना शेती नव्हती, देवाचं फारसं वेड नव्हतं आणि मूलबाळ नसल्यामुळे सूनही नव्हती. म्हणून ते घरातल्या घरात पंचनामे करायचे.

हे मी थट्टेनं म्हणत नाही. खरोखरचे पंचनामे. फुलस्केप कागद, मध्ये कार्बन, दोन प्रती. काकींची कळशी फुटली, पंचनामा. कावळ्यानं साबणाची वडी पळवली, पंचनामा. सुरुवात ठरलेली असायची: 'आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की...' मग जागेच्या चतुःसीमा. पूर्वेस भिंत, पश्चिमेस चूल, उत्तरेस सरपणाचा ढीग, दक्षिणेस फिर्यादी स्वतः उभी. फिर्यादी म्हणजे काकी. त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "कळशी फुटली ती फुटलीच की हो. कागदानं सांधनार हाय का?" जमादार तेही लिहून घ्यायचे.

काकींची एक शेळी होती, बांधलेली असूनही दोरी पुरेल तिथवरचं सगळं खाणारी. तिनं एकदा वाळत घातलेलं धोतर खाल्लं. त्या पंचनाम्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत. 'धोतर एका टोकास अंदाजे हातभर कमी. उरल्या भागास दातांच्या खुणा. आरोपी घटनास्थळी खुंट्यास बांधलेली, तोंड हलवीत असलेली मिळून आली.' खाली दोन पंचांच्या सह्या. एक माझी, एक आजिनाथची. त्या दिवशी आम्ही इतके हसलो की शाळेला उशीर झाला.

आम्ही म्हणजे जमादारांच्या घरी राहणारी तीन पोरं. ओसरीला लागून एक खोली होती, ती त्यांनी आम्हाला दिली होती. मी आणि सुभाष दहावीत, आजिनाथही दहावीत. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायचं. सुभाषच्या वडिलांची आडत होती, त्यामुळे त्याच्या घरी दुष्काळातही गहू असायचा. माझ्या वडिलांची कोरडवाहू जमीन होती आणि त्या वर्षी तिच्यात कुसळंसुद्धा उगवली नव्हती. वडील, आई आणि थोरला भाऊ खडी फोडायला सरकारी कामावर जायचे. आजिनाथचे आईवडील दरसालाप्रमाणे ऊसतोडीला गेले होते, पार पश्चिमेकडं, कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर. जाताना त्याच्याजवळ एक पिठाचं पोतं ठेवून गेले होते. तो काकींचा स्वयंपाक उरकला की त्यांच्याच चुलीवर दोन भाकरी थापायचा, आणि बदल्यात लांबच्या विहिरीवरून काकींना पाण्याच्या दोन खेपा आणून द्यायचा.

जमादारांचा एकच नियम होता आणि तो ते दिवसातून दहादा ऐकवायचे: "पाहिलं ते सांग. ऐकीव सांगू नकोस." बाहेरून येऊन कुणी म्हटलं, "नगरला पाऊस झाला म्हणे," तर ते विचारायचे, "तू भिजलास का? नाही ना? मग ते 'म्हणे' घरी ठेवून येत जा." स्वतःचं वयसुद्धा सांगायचे नाहीत. म्हणायचे, "मी जन्मलो तेव्हा माझे डोळे मिटलेले होते." शेजारच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी एकदा त्यांना आपल्या मुलीसाठी स्थळ बघायला पाठवलं. जमादार परत आले ते चार पानं घेऊन. 'मुलाच्या मस्तकावरील केस कपाळापासून चार बोटे मागे सुरू होतात. मुलगा आत गेला असता आतून आईच्या रडण्याचा आवाज, कारण पाहिले नाही.' ते लग्न काही जमलं नाही. पुढं दोन वर्षांनी त्या गृहस्थांनी जमादारांना पेढे आणून दिले. का दिले ते जमादारांनी कधी सांगितलं नाही.

बोलण्यातही ते घरच्या भाषेपेक्षा कागदाची भाषा जास्त वापरायचे. 'जेवायला चला' म्हणायचं तर 'हजर व्हा' म्हणत. काकींना हे ऐकून ऐकून सवय झाली होती.

हे सगळं वेड कुठून आलं ते त्यांनी आम्हाला एकदा सांगितलं. दुपारी जेवताना, काही कारण नसताना. सुभाषनं सहज विचारलं होतं, "काका, खरे पंच असतात कसे?"

"खरे पंच?" जमादार म्हणाले. "आमचे पंच हॉटेलात बसलेले असायचे. दोघं ठरलेले. चहा पाजायचा, कोऱ्या कागदावर खाली सह्या घ्यायच्या आणि ठाण्यात येऊन निवांत वरचा मजकूर लिहायचा. मी वीस वर्षं तसंच केलं. सगळेच करायचे." भाकरी मोडता मोडता थांबले. "एकदा भांडी चोरीला गेली होती. संशय एकावर होता. मी लिहिलं, भांडी त्याच्या झोपडीत पंचांसमक्ष मिळून आली. सह्या होत्याच. त्याला सहा महिन्यांची सजा झाली. भांडी पुढं दुसऱ्याच गावात सापडली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? तो सुटून आला. बाजारात भेटायचा आणि मला रामराम करायचा. दर बाजारी. शिवी दिली असती तर बरं झालं असतं." त्यांनी ताटात पाणी ओतलं आणि उठले. तेव्हापासून त्यांनी कोऱ्या कागदावर सही घेतली नाही, आणि ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही अशा माणसाला पंच केलं नाही. काकींना तर ते कधीच पंच करायचे नाहीत. कारण काकी म्हणायच्या, "मी काय पाह्यलं न्हाई, पर अंगठा कुठं करू त्ये सांगा."

आता डब्यांचं सांगतो. खेड्यातली पोरं तालुक्याला शिकायला राहायची तेव्हा त्यांचा डबा एसटीनं यायचा. सकाळी आई भाकरी बांधून डबा गावच्या फाट्यावर कंडक्टरच्या हाती द्यायची, तो ड्रायव्हरच्या शेजारी पुढं ठेवायचा, आणि साडेनऊच्या सुमारास गाडी पाथर्डीच्या स्टँडवर आली की आम्ही तो उचलायचो. आदल्या दिवशीचा रिकामा डबा परतीला द्यायचा. तिकीट नाही, पावती नाही. डब्याच्या झाकणावर तेलरंगानं नाव लिहिलेलं असायचं आणि वरून फडकं बांधलेलं. माझा आणि सुभाषचा डबा एकाच गाडीला यायचा, म्हणून एक दिवस तो जायचा, एक दिवस मी. आणलेले डबे ओसरीवर खुंटीला टांगायचे आणि दुपारच्या सुट्टीत येऊन खायचे.

त्या वर्षी माझ्या डब्यात मिलोची भाकरी असायची. रेशनवरची लाल ज्वारी. ती भाकरी विटेच्या रंगाची दिसायची आणि थंड झाली की हातानं मोडायला जोर लागायचा. सुभाषच्या डब्यात गव्हाच्या चपात्या, गूळ, कधी शेंगदाण्याची चटणी. सुभाष मनानं वाईट नव्हता. पहिल्या आठवड्यातच त्यानं एक चपाती माझ्यापुढं केली होती. मी म्हणालो, "मला चपाती नाही आवडत. पोटाला जड जाते." दुसऱ्यांदाही तेच म्हणालो. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. आजिनाथला त्यानं दिली तेव्हा आजिनाथनं सरळ घेतली आणि खाल्ली.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी, डबे आणायची माझी पाळी असताना, मी स्टँडमागच्या चिंचेखाली बसलो, सुभाषच्या डब्याचं फडकं सोडलं आणि एक चपाती गुळाबरोबर खाल्ली. भूक होती, पण सगळं भुकेवर ढकलणार नाही. माझ्याजवळ माझी भाकरी होती. मला ती चपाती कुणाच्या उपकाराशिवाय हवी होती. मी पंधरा वर्षांचा होतो आणि माझ्या डब्याचा रंग हाच जणू माझा रंग, असं मला वाटायला लागलं होतं. ओसरीवर मी भाकरी डब्याच्या झाकणाआड धरून खायचो. चिंचेखाली खाताना आड काही धरावं लागत नव्हतं.

असं पाच वेळा झालं. पहिल्यांदा एक चपाती, शेवटच्या दोन वेळा दोन-दोन. सुभाष एके दिवशी म्हणाला, "आमची आई कमी चपात्या का द्यायला लागलीय?" सुट्टीला गावी गेला तेव्हा त्यानं आईला विचारलं. आई म्हणाली, मी तर तेवढ्याच देते.

परत आल्यावर तीन दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत, मी आणलेला डबा त्याच्या हाताला हलका लागला, तेव्हा तो न सोडताच सुभाष तडक जमादारांपुढं उभा राहिला. "काका, माझा डबा कुणीतरी खातंय. आणि दुसरं कोण खाणार? ज्याला डबाच येत नाही तो."

"ऐकीव सांगू नकोस," जमादार म्हणाले. पण डोळे चमकले होते. घरात इतक्या वर्षांत कळशी आणि शेळीपलीकडं काही घडलं नव्हतं. ही खरी चोरी होती.

पंचनामा त्याच सुट्टीत झाला. सुभाषचा डबा ओसरीवर मधोमध ठेवला. खुंटीची उंची जमादारांनी वितीनं मोजली. 'डबा पितळी, झाकण सैल. फडके पांढरे, निळ्या काठाचे, त्यास निरगाठ मारलेली.' ते बोलत बोलत लिहायचे, त्यामुळे मी ऐकत होतो, आणि 'निरगाठ' ऐकल्यावर माझे कान तापले. सुभाषची आई नेहमी सुरगाठ मारायची, एक टोक ओढलं की सुटणारी. माझी आई निरगाठ मारते, कारण आमच्या रस्त्यानं गाडी फार उडते. चिंचेखाली डबा परत बांधताना मी माझ्या आईची गाठ मारली होती. ती कागदावर आली. जमादारांच्या, सुभाषच्या, कुणाच्याच ती लक्षात आली नाही. खुंटीला शेजारीच माझा डबा लटकत होता आणि त्यालाही तीच गाठ होती.

आजिनाथ खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात रिकामी घागर होती, खेपेला निघालेला होता. तो काही बोलला नाही. फक्त माझ्याकडं बघत होता.

जमादारांनी पेन्सिल जिभेला लावली आणि मला विचारलं, "तू डबे आणतोस. तू काही पाहिलंस?"

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर कागद तिथंच संपला असता, कारण जमादारांनी न पाहिलेलं लिहिलं नसतं. पण सुभाष माझ्याकडं बघत होता, गाठ कागदावर होती, आणि मला वाटलं आता कुणीतरी वर खुंटीकडं बघणार. मी म्हणालो, "पाहिलं. आजिनाथ डब्यापाशी होता."

"कधी?"

"परवा."

"उभा कुठं होता? तोंड कुणीकडं?"

"इथं. तोंड भिंतीकडं."

"झाकण कोणत्या हातानं धरलं होतं?"

"डाव्या."

मी जितकं विचारतील तितकं सांगत गेलो. खोटं सांगायला कठीण जाईल असं मला वाटलं होतं, पण ते भराभर येत होतं. जमादारांनी सगळं लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि पेन्सिल पुढं केली. मी सही केली. इतकी नीट सही मी परीक्षेच्या पेपरावरही कधी केली नव्हती. काकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "त्ये पोर असं करायचं न्हाई हो." जमादार म्हणाले, "तुम्ही पाहिलंत? नाही ना? यानं पाहिलंय."

आजिनाथला त्यांनी ओरडून काही म्हटलं नाही. शाळेत कळवणार नाही म्हणाले. पण येत्या बाजाराच्या दिवशी त्यानं खोली सोडावी. या घरात चोरीला जागा नाही. आजिनाथ "बरं" म्हणाला आणि घागर घेऊन पाण्याला गेला. त्या दिवशीही त्यानं दोन्ही खेपा केल्या.

दुसरी खोली मिळायची म्हणजे कुणीतरी फुकट ठेवून घ्यायला पाहिजे होतं, आणि त्या वर्षी तसं कुणी नव्हतं. खोली सुटली म्हणजे शाळा सुटली, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तो सरळ कोपीवर जाणार, आईवडिलांच्या हाताखाली मोळ्या बांधणार, पुढच्या वर्षी स्वतःचा कोयता घेणार. गणितात तो आमच्या वर्गात पहिला होता. मधल्या चार दिवसांत मी ठरवून त्याच्या वाटेला गेलो नाही. सुभाषचा डबा आता पुरा यायला लागला, आणि त्यावरून सगळ्यांची खात्रीच पटली. मला जेवण जात नव्हतं. सुभाष म्हणाला, "तुला बरं नाही का रे?" आणि पुन्हा एक चपाती पुढं केली. मी ती घेतली नाही.

बाजाराच्या दिवशी डबे आणायची पाळी माझी होती. स्टँडवर नगरची गाडी लागलेली होती आणि आजिनाथ बाकड्यावर बसला होता. पत्र्याची पेटी, घोंगडीची वळकटी. मी त्याला न बघितल्यासारखं करून डबे उचलले आणि निघालो. त्यानं हाक मारली.

"हे घे," तो म्हणाला. भूमितीची वही होती. "तुझी प्रमेयं अर्धीच हायेत. सहामाहीला सर इचारत्यात ती समदी लिवलेली हायेत हिच्यात."

"तुला नको?"

"मला आता काय करायचीय?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी वही घेऊन गेलो असतो, आणि आज हे लिहायला बसलो नसतो. नगरच्या गाडीचा ड्रायव्हर चढला. मी डबे बाकड्यावर ठेवले, त्याची पेटी उचलली आणि घराकडं चालायला लागलो. मागं तो ओरडत होता, "आरं, गाडी जाईल! पेटी ठेव!" मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं झालं नसतं, हे मला माझं माहीत होतं. थोड्या वेळानं मागून त्याच्या पायांचा आवाज आला. वळून पाहिलं तर वळकटी काखेत आणि दोन्ही हातांत आमचे डबे. सोडून कसे येणार म्हणून त्यानं ते बरोबर घेतले होते.

जमादार ओसरीवर दाढी करत बसले होते. सुभाष बूट पुसत होता. मी पेटी ठेवली आणि म्हणालो, "काका, मी पाहिलं नव्हतं."

"काय पाहिलं नव्हतं?"

"आजिनाथला. तो डब्यापाशी नव्हता. डबा मी खाल्ला."

अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून जमादार आत गेले आणि तो कागद घेऊन आले. मला वाटलं, फाडणार. तो फाटावा असं मला फार वाटत होतं. त्यांनी तो माझ्यापुढं जमिनीवर पसरला.

"खोटा कागद फाडायचा नसतो," ते म्हणाले. "फाडला तर खोटं बोलल्याचा पुरावा जातो. त्याच्याच खाली खरं लिही. तुझ्या हातानं."

पेन्सिल उमटेना. मी ती जिभेला लावली. कडू लागली. कितीदा खाल्लं, कुठं बसून, काय काय, आणि गाठ कुणाची होती, सगळं लिहिलं. लिहिताना मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही, लपवता येण्यासारखंही नव्हतं. सुभाष बूट हातात धरून म्हणाला, "मी देत होतो की रे तुला." त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही तेव्हा ते समजावून सांगता आलं नसतं.

मी वरच्यासारखीच खाली सही केली. जमादारांनी वाचलं. मग पहिल्यांदाच त्यांनी आजिनाथकडं पाहिलं, डबे धरून तो अजून उंबऱ्याशी उभा होता.

"तुला हे माहीत होतं?"

"व्हय," आजिनाथ म्हणाला. "पान्याला जाताना पाह्यलं हुतं. चिचंखाली बसला हुता. दोनदा पाह्यलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं?"

जमादारांच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. त्यांनी कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचायला लागले. खुंटीची उंची होती, फडक्याचा काठ होता, माझ्या तोंडचा डावा हात होता. आजिनाथच्या तोंडचा एक शब्द त्यात नव्हता.

आजिनाथच पुढं म्हणाला, "न इचारता बोललो असतो तर तुमी म्हनला असता, चोर दुसऱ्याचं नाव घेतोय."

"म्हनलो असतो," जमादार म्हणाले. त्यांच्या तोंडून गावाकडची बोली मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. ते जमिनीवर बसले. काकी येऊन उभ्या राहिल्या. मग जमादार कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले, "त्याला बी म्या इचारलं न्हवतं. भांड्याच्या वक्ताला. पंच खोटे हुते म्हनून इतकी वर्सं जिवाला खात बसलो. पर त्यो तिथंच उभा हुता, दारात. त्याला कुठं इचारलं?"

त्यांनी पेन्सिल घेतली, जिभेला लावली आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'आरोपीस काहीएक विचारण्यात आले नाही. ही चूक पंचनामा लिहून घेणाराची आहे.' खाली तारीख, सही. मग आजिनाथची पेटी स्वतः उचलून खोलीत नेऊन ठेवली. पेटी ठेवून बाहेर आले आणि उरलेली दाढी केली. एवढं झालं आणि आम्ही शाळेला गेलो. माझ्या ओठावर जांभळा डाग पडला होता, मधल्या सुट्टीपर्यंत सगळा वर्ग मला विचारत होता की हे काय लागलंय. मी प्रत्येकाला सांगितलं नाही, पण कुणाला दुसरं काही कारणही सांगितलं नाही. त्या वयात मला तेवढं जमलं.

आजिनाथ माझ्याशी महिनाभर बोलला नाही. भूमितीची वही मात्र त्यानं परत मागितली नाही, आम्ही दोघं एकाच वहीतून अभ्यास करायचो, तो सकाळी, मी दुपारी. मॅट्रिकला तो माझ्या पुढं होता. पुढं तो पाटबंधारे खात्यात लागला. अजून भेट होते, घरी जाणं-येणं आहे. त्यानं मला मनातून माफ केलं का, हे मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी त्याला विचारलेलं नाही, आणि जमादारांकडं राहून शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही हेही मला कळतं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. रानात चारा झाला तरी शेळीची खोड गेली नाही. एका सकाळी तिनं दोरीवरच्या काकींच्या लुगड्याचा पदर खाल्ला. काकींनी आरडाओरडा केला, आम्ही तिघं बाहेर धावलो. जमादार कागद, कार्बन, पेन्सिल घेऊन आले. आता चतुःसीमा सांगतील म्हणून आम्ही उभे राहिलो. पण ते लुगड्याकडं गेलेच नाहीत. शेळीसमोर जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुझं काय म्हननं हाय?"

आजिनाथ इतका हसला की त्याला खांब धरावा लागला. सुभाष हसला, काकीसुद्धा पदर विसरून हसल्या. मी हसायला लागलो होतो, पण जमादारांचं तोंड बघितलं आणि थांबलो. ते हसत नव्हते. शेळी चघळत होती आणि ते तिच्याकडं बघत तसेच बसून होते, ती काही सांगायची असेल तर तिला पुरेसा वेळ मिळावा म्हणून. मग त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि पहिली ओळ लिहिली, 'आरोपीस विचारले. काही बोलली नाही.'